उगवणं, न उगवणं आणि मधले काही मिलिव्होल्ट

मे संपत आला की आमच्याकडे घरोघरी एकच काम चालतं, घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची. बारदाना भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीने १०० दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला बारदाना टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने उघडून मोजायचं. ७० किंवा त्याच्यावर निघाले तर बियाणं पेरायच्या लायकीचं, थोडे कमी निघाले तर एकरी जास्त टाकायचं, आणि फारच कमी असले तर तो माल सरळ मार्केटला. यात नवीन काहीच नाही, वावर असलेल्या प्रत्येक घराला हे माहीत आहे.

पण एका वर्षी बाबांनी न उगवलेले दाणे हातावर घेतले, बराच वेळ उलटेपालटे करून पाहिले आणि मला म्हणाले, "हे दाने तं सारखेच दिसते माय, एकाच कट्ट्यातले हायेत, एकच पानी पेले, मंग हे काऊन मेले?" मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून प्रश्न मला. तेव्हा मी म्हटलं बाबा त्यांचा अंकुर खराब झाला असेल, आणि ते खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं, कारण अंकुर खराब झाला म्हणजे त्यात नेमकं काय झालं? दाणा तर तोच आहे, प्रोटीन आहे, तेल आहे, डीएनए आहे, सगळं सामान जागच्या जागी. तरी एक जिवंत आणि एक मेलेला. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही, आणि त्याच्या मागे लागून मी जे काही वाचत गेले ते शेवटी पेशीच्या आत, तिला ऊर्जा पुरवणाऱ्या चिमुकल्या माइटोकॉन्ड्रियापाशी जाऊन थांबलं. पुढे बाबांच्या आजारपणात तेच सगळं पुन्हा समोर आलं, ते सांगतेच.

आधी दाणा. नीट वाळलेल्या सोयाबीनमध्ये दहा-बारा टक्के ओलावा असतो, त्यात जवळजवळ काहीच चालू नसतं, पण तो मेलेला नसतो. त्याच्या पेशींत माइटोकॉन्ड्रिया असतात, अर्धवट घडणीचे, गप्प पडलेले. पाणी लागलं की अगदी थोड्या वेळात ते श्वसन सुरू करतात, कोंब दिसायच्या कितीतरी आधी. म्हणजे दाणा उगवणार की नाही याचा मोठा भाग त्या पहिल्या काही तासांत ठरून जातो आणि आपण मात्र आठवडाभराने बारदाना उघडून मोजतो.

आता सोयाबीनच का इतकं दगा देतं, हरभरा का नाही देत. एक तर त्याची साल पातळ, थ्रेशरचा स्पीड जास्त ठेवला किंवा कट्टे धडाधड आपटले की आतला अंकुर दुखावतो. आणि दुसरं म्हणजे तेल. दाण्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल. ह्या तेलाच्या रेणूंमध्ये दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजनला नेमके तेच आवडतात. पेशीचे पडदेही असल्याच स्निग्ध रेणूंचे बनलेले. उष्णता आणि ओल मिळाली की गोदामात पडल्या पडल्या हळूहळू ऑक्सिडेशन, म्हणजे रेणूंतले इलेक्ट्रॉन हिसकावले जाणं, चालू राहतं, पडदे किडत जातात, बाहेरून दाणा तसाच पिवळा, टणक, छान दिसतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोंगणीच्या वेळी पाऊस आला होता, गंज्या वावरातच भिजल्या, आणि २०२० च्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग पडला, कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. लोक म्हणाले बोगस बियाणं. बोगस असेलही काही ठिकाणी, पण भिजून वाळलेल्या दाण्याच्या आत जे झालेलं असतं ते कोणत्याही थैलीवरच्या लेबलला दिसत नाही.

पेशी ह्या ऑक्सिडेशनपुढे हात जोडून बसलेली नसते. तिच्याकडे ग्लुटाथायोन नावाचा एक छोटासा रेणू भरपूर असतो, तीन अमिनो आम्लांचा, त्याला एक गंधकाचं टोक. कुठे काही जास्त ऑक्सिडाइझ व्हायला लागलं की हा आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. दिला की मग असे दोन ग्लुटाथायोन एकमेकांना चिकटतात आणि निकामी होतात, जोपर्यंत त्यांना कोणी परत मोकळं करत नाही तोपर्यंत. हे मोकळं करण्याचं काम एनएडीपीएच नावाच्या दुसऱ्या रेणूच्या जोरावर होतं. शेजारणीला वाटीभर पीठ उसनं दिलं, दळण आलं की पुन्हा डबा भरला, असं हे चालतं, आणि घरातलं पीठ संपणं हा खरा धोका नाही, दळण येणं बंद होणं हा खरा धोका आहे. मला ह्या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पेशीकडे किती अँटीऑक्सिडंट आहे याच्यापेक्षा वापरलेलं पुन्हा भरून काढायची तिची ताकद शिल्लक आहे का, हे बघायला पाहिजे.

आणि ही ताकद मोजता येते! मोकळं ग्लुटाथायोन किती आणि चिकटलेलं किती यावरून एक विद्युत विभव काढतात, मिलिव्होल्टमध्ये. आकडा जितका ऋण तितकी पेशी सुस्थितीत. २००६ साली इल्से क्रानर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वेगवेगळ्या वनस्पतींच्या बियांवर हे करून पाहिलं, बिया जुन्या केल्या, वाळवल्या, त्रास दिला आणि बघितलं की कधी मरतात. हा आकडा उणे १८० ते उणे १६० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात आला की निम्म्या बिया गेलेल्या. बी कोणत्याही जातीचं असो, पट्टा साधारण तोच. त्याच्या आधी, २००१ मध्ये शेफर आणि ब्युटनर या दोघांनी प्राण्यांच्या पेशींबद्दल असाच हिशोब मांडला होता. जोमाने वाढणाऱ्या पेशी उणे २४० च्या आसपास, वाढ थांबवून आपापल्या कामाला लागलेल्या पेशी उणे २०० च्या आसपास, आणि स्वतःला संपवायला निघालेल्या पेशी उणे १७० च्या आसपास. आकडे ढोबळ आहेत हे खरं, पेशीच्या प्रत्येक कप्प्यात वेगळे असतात, माइटोकॉन्ड्रियाच्या आत तर बाकीच्या पेशीपेक्षा वेगळंच वातावरण. पण बियाणं आणि माणूस, दोघांची मरणाची रेघ जवळपास एकाच जागी पडते हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते. बाबांच्या हातावरचे ते दाणे त्या रेघेच्या पलीकडे गेलेले होते, बस.

आता हे ऑक्सिडेशन एवढं येतं कुठून. गोदामातल्या दाण्यात हवेतून येतं, पण जिवंत, काम करणाऱ्या पेशीत त्याचा एक मोठा उगम म्हणजे माइटोकॉन्ड्रिया स्वतःच. आपण जी भाकर खातो तिच्यातले इलेक्ट्रॉन काढून माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे पुढे सरकवले जातात आणि सर्वात शेवटी ते ऑक्सिजनला मिळतात, चार इलेक्ट्रॉन मिळाले की ऑक्सिजनचं पाणी होतं. इलेक्ट्रॉन सरकताना पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात, पडद्यावर दीडशेच्या वर मिलिव्होल्टचा दाब तयार होतो आणि त्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं रोजचं इंधन, बनतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बरीच वर्षं कोणी मानायला तयार नव्हतं, त्यांनी तर कॉर्नवॉलमधलं एक जुनं पडझड झालेलं घर दुरुस्त करून तिथे स्वतःची लॅब थाटली आणि काम चालू ठेवलं, १९७८ ला नोबेल मिळालं. वर्गात हा भाग शिकवताना मी ही गोष्ट सांगतेच सांगते, आमच्या पोरांना ती सांगितली पाहिजे असं मला वाटतं, मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीतच विज्ञान होतं असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

तर इलेक्ट्रॉन सरकताना काही वाटेतच निसटतात, विशेषतः पहिल्या आणि तिसऱ्या कॉम्प्लेक्सपाशी (ह्या साखळीतल्या प्रोटीनांच्या चार गटांना कॉम्प्लेक्स म्हणतात), आणि मिळेल त्या ऑक्सिजनला एकटेच चिकटतात. तयार होतं सुपरऑक्साइड. हे रसायन शरीरात बनतं आणि त्याची विल्हेवाट लावणारं एन्झाइमही आपल्याकडे आहे हे १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याचा माइटोकॉन्ड्रियात राहणारा प्रकार काढून टाकलेले उंदीर १९९५ मध्ये तयार केले गेले, ते जन्मून थोड्याच दिवसांत मेले, त्यांचं हृदय ताणून फुगलेलं होतं. इतकं ते लागतं. हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि मग ग्लुटाथायोनच्या जोरावर चालणारी आणि तशीच दुसरी एन्झाइमं त्याचं पाणी करून टाकतात. आणि ह्यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी की माइटोकॉन्ड्रियात ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढायला जो एनएडीपीएच लागतो, त्यातला बराचसा त्याच पडद्यावरच्या प्रोटॉनच्या दाबावर बनवला जातो. म्हणजे ज्या दाबापायी गळती होते तोच दाब ती गळती निस्तरतो. दाब पडला की गेलं. पण दाब फार चढला, इलेक्ट्रॉनांना पुढे जायला वाटच नाही, मागे सगळे तुंबलेत, तरी गळती वाढते. दोन्हीकडून धोका, म्हणून तर संतुलन म्हणतात.

ही साखळी किती नाजूक आहे ते बघायचं असेल तर कृषी केंद्रात जाऊन उभं राहायचं. तिथल्या फळीवर मांडलेल्या बाटल्यांतली निदान काही औषधं सरळ माइटोकॉन्ड्रियावर बसतात. कोळ्यांसाठी मारतो ते फेनपायरोक्झिमेट पहिलं कॉम्प्लेक्स बंद करतं. बुरशीचं अझॉक्सिस्ट्रोबिन बुरशीच्या तिसऱ्या कॉम्प्लेक्सवर. कपाशीच्या पांढऱ्या माशीवरचं डायफेनथियुरॉन किड्याच्या अंगात गेल्यावर बदलतं आणि एटीपी बनवणारं यंत्रच अडवतं. आणि पॅराक्वॅट हे तणनाशक तर ह्या सगळ्यांपेक्षा वाईट, ते पेशीतला इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, सुपरऑक्साइड बनवतं आणि स्वतः जसंच्या तसं मोकळं होऊन पुन्हा इलेक्ट्रॉन घ्यायला येतं, थांबतच नाही, पेशीचा एनएडीपीएच संपेपर्यंत. फुफ्फुसाच्या पेशी ते ओढून साठवतात. म्हणूनच पॅराक्वॅटच्या रुग्णाला ऑक्सिजन लावतानाही डॉक्टर फार जपून लावतात, कारण तोच ऑक्सिजन तिथे इंधन होतो. त्यावर उतारा नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ऑर्गनोफॉस्फेटवाली औषधं होती, ती मुख्यतः मज्जातंतूंवर काम करतात, माइटोकॉन्ड्रियावर नाही, आणि दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारायची सवय, त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दमट हवा, पाठीवरचा पंप गळका, तोंडाला फक्त दुपट्टा. मी हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्याकडे अजूनही पोट्टे उघड्या हाताने औषध ढवळतात आणि म्हणतात किड्याचं औषध माणसाले काय करते. किड्याची आणि माणसाची ही इलेक्ट्रॉनची साखळी जवळजवळ एकच आहे रे बाबांनो, तोच ऑक्सिजन, तेच कॉम्प्लेक्स, फरक आहे तो डोसचा आणि आपलं लिव्हर ते किती लवकर तोडतं त्याचा. हातमोजे, चष्मा, मास्क. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही. मालकाने मजुराला हे द्यायलाच पाहिजे, यात चर्चेला जागा नाही.

मरणाकडे वळू. पेशी कशी मरते याचे ढोबळ दोन प्रकार आम्ही शिकवतो. एक, फुगून फुटणं, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. दुसरा, १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी ज्याला अपॉप्टॉसिस नाव दिलं तो, पेशी आकसते, स्वतःचे व्यवस्थित तुकडे करते, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, आवाज नाही, सूज नाही. आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी अशा जातात आणि आपल्याला कळतही नाही. ह्या दुसऱ्या मरणाची किल्ली माइटोकॉन्ड्रियात आहे हे १९९६ मध्ये शाओडोंग वांग यांच्या लॅबने शोधलं आणि ती किल्ली निघाली सायटोक्रोम सी! जो रेणू आयुष्यभर तिसऱ्या कॉम्प्लेक्सकडून चौथ्याकडे इलेक्ट्रॉन नेतो, ज्याच्याशिवाय आपण श्वास घेतलेला ऑक्सिजन फुकट जाईल, तोच रेणू माइटोकॉन्ड्रियातून बाहेर पडला की पेशीचं मरण सुरू होतं. बाहेर तो दुसऱ्या एका प्रोटीनला जाऊन भेटतो, सात आऱ्यांचं चाक तयार होतं आणि ते कॅस्पेज नावाची कापणारी एन्झाइमं जागी करतं.

आणि हा बाहेर पडतो कधी? एरवी तो आतल्या पडद्याला कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध रेणूने धरून ठेवलेला असतो. पेरॉक्साइड वाढलं की सायटोक्रोम सी स्वतःच त्या पेरॉक्साइडच्या मदतीने कार्डिओलिपिनला ऑक्सिडाइझ करायला लागतो, कागन आणि मंडळींनी २००५ मध्ये हे दाखवलं, आणि मग पकड सुटते. बाहेरच्या पडद्यात बॅक्स आणि बॅक नावाची प्रोटीनं भोकं पाडतात, रेणू निसटतो. म्हणजे रेडॉक्सचं, इलेक्ट्रॉनच्या देण्याघेण्याचं, पारडं कलणं हा नुसता नासधुशीचा भाग नाही, ती पेशीची ऐकण्याची पद्धत आहे. थोडं पेरॉक्साइड वाढलं तर पेशी ते ऐकून बचावाची जनुकं चालू करते, कीप-१ नावाच्या प्रोटीनवरची गंधकाची टोकं ऑक्सिडाइझ होतात, त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ-२ नावाचं दुसरं प्रोटीन मोकळं होऊन केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन वाढवायचा हुकूम देतं. जास्त वाढलं आणि टिकून राहिलं तर तीच पेशी ठरवते की आता आपण जावं. बियांमध्येही तेच आहे, उगवायला थोडं पेरॉक्साइड लागतंच, अगदीच नसेल तर बी झोपलेलंच राहतं, फार झालं तर मरतं.

एक गोष्ट अजून सांगते, मला ती समजल्यावर फार विचित्र वाटलं होतं. व्यवस्थित मरायलासुद्धा एटीपी लागतं. १९९७ मध्ये हे प्रयोगात दिसलं, त्याच पेशी, त्यांना तेच मरणाचं कारण दिलं, पण एटीपी संपवून टाकलेल्या पेशी अपॉप्टॉसिसने मरू शकल्या नाहीत, त्या फुटून गेल्या. ज्या पेशीची ताकद संपूर्ण गेली तिला नीट जाताही येत नाही, ती जाताना शेजाऱ्यांनाही जखमी करून जाते.

आता बाबांचं. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी छातीत जड वाटतंय म्हणाले, घाम आला, आणि स्वतःच ठरवलं की पित्त आहे, सोडा घेतला, पडून राहिले. आईने दुपारी मला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथल्या तरुण डॉक्टरने लगेच ईसीजी काढला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि १०८ ने नागपूरला पाठवलं, तिथे अँजिओप्लास्टी झाली. नळी उघडली. नातेवाईक म्हणाले सुटलो. पण दुसऱ्या दिवशी इको दाखवताना डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पुढचा भाग कमी हलतोय, काही पेशी गेल्यात. मी विचारलं सर रक्त तर चालू झालं ना, ते म्हणाले हो, पण उशीर झाला, आणि रक्त चालू होतानाही थोडं नुकसान होतंच. ते घाईत होते, पुढच्या पेशंटकडे गेले.

रक्त चालू होताना नुकसान. मी ते आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून मोबाइलवर वाचत बसले. रक्त बंद असतं तेव्हा ऑक्सिजन नाही म्हणून इलेक्ट्रॉनची साखळी तुंबते आणि हृदयाच्या पेशीत सक्सिनेट नावाचं रसायन साठत जातं. २०१४ मध्ये चौचानी, मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्त परत आल्या आल्या हे साठलेलं सक्सिनेट धडाक्याने जळतं, इतक्या जोरात की इलेक्ट्रॉन पुढे जायच्या ऐवजी उलटे पहिल्या कॉम्प्लेक्सकडे ढकलले जातात आणि तिथून सुपरऑक्साइडचा लोंढा निघतो. त्याच वेळी पेशीत कॅल्शियम शिरतं, आम्लपणा जो होता तो धुऊन निघतो, आणि माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात एक मोठं छिद्र उघडतं, प्रोटॉनचा दाब क्षणात जातो. दाब गेला म्हणजे एटीपी गेलं, ग्लुटाथायोन भरून काढायची ताकद गेली, सगळंच गेलं. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत. ज्या मिनिटांत आम्ही बाहेर एकमेकांना फोन करून नळी उघडली म्हणून सांगत होतो, त्या मिनिटांत. मग रक्त परत आणायचंच नाही का? तसं अजिबात नाही, रक्त आलं नसतं तर तो सगळा भाग गेला असता आणि कदाचित बाबाही. पण जितका वेळ बंद तितकं सक्सिनेट जास्त, तितका परतीचा तडाखा मोठा. सकाळ ते दुपार, तो सोडा घेऊन पडून राहिल्याचा वेळ, तो मला आजही सलतो, आणि हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

ह्याच्यावर औषध शोधणं चालूच आहे. त्या छिद्राला उघडू न देणारं सायक्लोस्पोरिन प्राण्यांत छान चाललं होतं, पण २०१५ मध्ये ९७० हार्ट अटॅकच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि काही फायदा दिसला नाही. त्याउलट १९८६ चा एक प्रयोग मला सारखा आठवतो, मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांचा. कुत्र्यांच्या हृदयाची नळी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, असं ४ वेळा केलं आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. आधी छोटे छोटे त्रास सोसलेल्या त्या हृदयांत मेलेला भाग बाकीच्यांच्या तुलनेत साधारण पाव हिस्सा निघाला. पुढे लोकांनी शोधलं की ह्या बचावात माइटोकॉन्ड्रियातून निघणाऱ्या थोड्याशा सुपरऑक्साइड-पेरॉक्साइडचाही हात असतो, ते पुसून टाकलं तर बचाव कमी होतो.

बाबा घरी आले आणि भेटायला येणारे सुरू झाले. मोठे मामा एक डबा घेऊन आले, पावडरचा, वर मोठ्या अक्षरात अँटीऑक्सिडंट. "पोरी, तू तं सायन्सवाली हायेस, तुले सांगाची गरज नाही, रोज दोन चमचे दुधात दे भाऊजीले, हार्ट नव्यावानी होते." मामांनी प्रेमाने आणलेला, महागाचा डबा. मी त्यांना शांतपणे बसवून सगळं सांगितलं, निदान जमेल तेवढं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना घेऊन एक अभ्यास झाला, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, वाटलं होतं कॅन्सर कमी होईल, १९९४ मध्ये निकाल आला तर गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला दुसरा असाच अभ्यास १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला, तिथे २८ टक्के जास्त. गाजर खाऊन असं होत नाही, अंबाडी, मेथी, संत्री, जवसाची चटणी, खुशाल खावं, प्रश्न त्या एकाच रसायनाच्या मोठ्या डोसचा आहे. पेशी पेरॉक्साइडवरून ऐकते आणि आपण तिचे कान बंद करायला निघालो तर ती काय ऐकणार.

मामा म्हणाले, "मंग भाऊजीनं काहीच कराचं नाही का?" करायचं ना. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, हळूहळू वाढवत. चालताना स्नायूंत पेरॉक्साइड थोडं वाढतंच आणि स्नायू त्याला उत्तर म्हणून स्वतःचं सुपरऑक्साइड डिसम्युटेज, स्वतःचं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज वाढवतात. २००९ मध्ये रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना ४ आठवडे व्यायाम करायला लावला, काहींना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या. ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांच्यात इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला, ज्यांना होत्या त्यांच्यात नाही. बाबा हे सगळं खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे थोडा त्रास झाला पायजे, पन सोसन इतकाच." मी म्हटलं हो बाबा, आणि मधे उसंत पाहिजे, पुन्हा भरून यायला.

मामांना वाईट वाटू नये म्हणून डबा तेव्हा ठेवून घेतला आणि पुढच्या खेपेला ते आले तेव्हा परत दिला. बाबा आता रोज संध्याकाळी धुऱ्याधुऱ्याने वावराच्या टोकापर्यंत जाऊन येतात, दम लागला की थांबतात. कार्डिओलॉजिस्टने लिहून दिलेल्या गोळ्या मात्र मी एकही चुकू देत नाही, त्या वेगळ्या कामाच्या आहेत, रक्ताची गुठळी होऊ न देण्याच्या, कोलेस्टेरॉलच्या, हृदयावरचा ताण कमी करण्याच्या, आणि त्यांच्यामागे हजारो रुग्णांवरचा पुरावा आहे. आईच्या मोबाइलमध्ये ग्रामीण रुग्णालयाचा नंबर पहिल्या जागी टाकून ठेवलाय, आणि पित्त आहे की अटॅक हे घरी बसून कोणी ठरवायचं नाही, आधी ईसीजी, हे मी वर्गातल्या पोरांनाही सांगते, प्रत्येक वर्षी, माइटोकॉन्ड्रियाचा धडा आला की.